ह्यांना विचारून सांगते

"काकू, चहा घेता का?" असं विचारल्यावर कुठलीही बाई हो म्हणते, नाही म्हणते, नाहीतर "कशाला उगीच" म्हणत कप पुढे करते. आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या, "ह्यांना विचारून सांगते." हे घरात असते तर ठीक होतं. हे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते, शेताशेताला पाणी सोडायचं काम, आणि दिवस मावळायच्या सुमारास घरी यायचे. तोवर चहावर साय धरायची आणि काकू कपाकडे टक लावून बसायच्या.

मला आधी वाटलं, लाजतात. मग एका सुट्टीच्या दिवशी बघितलं, दुपार टळून गेली तरी त्यांचं जेवण झाकलेलंच. म्हटलं, "काकू, भूक नाही लागली?" त्यांनी पोटावर हात ठेवला, जरा कान दिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हे आल्यावर सांगतील."

रोज सकाळी काका सगळं सांगून जायचे. ऊन पायरीवर आलं की जेव, मग जरा पड, तहान लागली तर लहान गडव्यातलं पाणी पी. त्या दिवशी घाईत सांगायचं राहून गेलं होतं, एवढंच.

मी औंढ्यात आले ती विजेच्या खात्यात लागून. खांबावर चढायची नोकरी. बाई खांबावर चढते म्हटल्यावर खाली गर्दी जमायची, त्याची मला सवय होती. सवय नव्हती ती खोली शोधण्याची. लोक आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की त्या खोलीत नेमका त्यांचा पुतण्या राहायला येणार असायचा. औंढ्याएवढ्या गावात इतके पुतणे असतील असं मला वाटलं नव्हतं. नागनाथाच्या मंदिरामागच्या गल्लीत, प्रसादाची दुकानं संपतात तिथं, या काकांचं घर. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. माझ्या कमरेला खोचलेल्या पकडीकडे बघत म्हणाले, "तुमी लाइटचं काम करता ना, मॅडम? सोताच्या हातानं?"

"व्हय."

"मग ऱ्हा."

आईनं दिलेली बुद्धाची लहान मूर्ती ठेवायला फळीसुद्धा त्यांनीच ठोकून दिली. मी खूश. भला माणूस भेटला म्हणून आईला कौतुकानं सांगितलं. मीच का, हे तेव्हा मनात आलं नाही.

काका मला मॅडम म्हणायचे आणि काकू पोरी म्हणायच्या. हे ध्यानात ठेवा.

काकूंचं वय पन्नाशीचं असेल. दिसायला नीटस, केस काळेभोर, कपाळावर एक आठी नाही. जिला कधी काही ठरवावंच लागलं नाही तिला आठी पडणार कुठून? गॅस काका पेटवून द्यायचे, ते नसले तर चूल बंद. चहाचा पहिला घोट काका घ्यायचे, "आता पी" म्हणायचे, मग त्या प्यायच्या. बाजारात गेल्या तर काकांच्या शर्टाचं टोक मुठीत. दिवस मावळल्यावर त्या ओसरीवरसुद्धा यायच्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी दिवसभर उन्हात तारा ओढून यायचे आणि इथं एक धडधाकट बाई आपल्याला तहान लागली की नाही याची नवऱ्याकडे चौकशी करत बसलेली.

माझी आई वसमतकडची. हळद शिजवायच्या कढईपुढं उभी राहून तिनं मला शिकवलं. ती एकदा चार दिवस राहायला आली, काकूंना नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "हिला झालं काय?"

"काही नाही गं. नवरा लई जीव लावतो."

"जीव लावतो म्हून सोताचा काढून द्यावा लागतो व्हय?" आई म्हणाली, आणि त्यानंतर त्या घरात पुन्हा मुक्कामाला आली नाही.

काकूंचा दिवस खरा उगवायचा तो रात्री आठला, मालिकेच्या वेळी. मालिकेत एक मोठा बंगला, त्यात एक भोळी बायको. ती लिफ्टला घाबरायची, ढगाला घाबरायची, सासूला तर घाबरायचीच. तिचा नवरा दरवेळी कुठून तरी येऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "तू फक्त माझ्याकडे बघ. बाकीचं मी बघतो." काकू हे वाक्य त्याच्याबरोबर ओठांत म्हणायच्या. काका मात्र मालिका बघायला बसत नसत. आठ वाजले की "जरा हवेला बसतो" म्हणून ओसरीवर यायचे.

आणि आठवड्यातून एकदोनदा बरोबर मालिकेतच त्यांची लाइट जायची. गल्लीत सगळीकडे उजेड, माझ्या खोलीचं मीटर वेगळं म्हणून माझ्याकडेही उजेड, आणि त्यांच्याच घरात अंधार. शेजारीपाजारी मला टोमणे मारायचे, घरात वायरमन ठेवून काय उपेग! शेवटी इज्जतीचा प्रश्न झाला. एकदा लाइट गेल्या गेल्या मी बॅटरी घेऊन ओसरीवर धावले. मीटरच्या डब्यावर चिनीमातीचा फ्यूज काढून ठेवलेला. तार शाबूत. आणि शेजारी काका उभे, ओठांवर बोट.

"हळू मॅडम. आत ऐकू जाईन."

"काका, हा काय प्रकार?"

"आज त्या बाईला जिन्यावरून ढकलून द्यायलेत. मोबाइलवर सकाळीच येतो भाग, मी कालव्याच्या चौकीवर पाहून ठेवतो. हिला सोसणार न्हाई."

"अहो, पण ती मालिका आहे!"

"मला म्हाईत हाय," काका म्हणाले. "तिला कुठं म्हाईत हाय?"

मग ते आत गेले. भिंत पातळ होती, मला सगळं ऐकू आलं. अंधारात बसून त्यांनी काकूंना पुढचा भाग सांगितला. "सासूनं हात उगारला, बरं का. अन् तेवढ्यात हा वरल्या पायरीवर आला. मनगट धरलं. बराबर धरलं." मध्येच त्यांची नेहमीची कोरडी खाकर. काकू अधूनमधून "व्हय का?" म्हणायच्या. सगळं सुखरूप झालं की ते म्हणायचे, "चल, जेव आता. भूक लागली तुला." मग बाहेर येऊन फ्यूज बसवायचे, आणि आत ताटं वाजायची.

त्या मालिकेपेक्षा काकांची मालिका चांगली होती, हे मला मान्य केलं पाहिजे. पुढेपुढे लाइट गेली की मीही माझं ताट घेऊन भिंतीला पाठ लावून बसायला लागले. काका "जेव आता" म्हणाले की मीही पहिला घास घ्यायचे. गंमत म्हणून.

एकदा कालव्याच्या बाजूला माझं काम निघालं. काका चौकीवर एकटेच बसले होते, छाती चोळत. मला बसवून घेतलं आणि न विचारता सांगायला लागले. लग्न नवं होतं. नागनाथाच्या जत्रेत सायकल पंक्चर झाली म्हणून ते बायकोला म्हणाले, "इथं थांब, आलो." पंक्चरवाला सापडेना, सापडला तर सामान नाही. परत यायला दिवस कलला. बायको सांगितल्या जागी उभी होती. उन्हात, अनवाणी, कारण चपला गर्दीत निघून गेल्या होत्या आणि त्या उचलायला ती हलली नव्हती. पावलं भाजून निघाली होती.

"तवापासून तिला थांब म्हणलो न्हाई मी," काका म्हणाले. "सांगितलं तसं करती ती. म्हून सांगायला लई जपावं लागतं. लोकाला वाटतं मी तिला बांधून ठेवलं. मी बांधल्या गेलो, मॅडम."

मग ते मूळ गोष्टीवर आले. नटांचा भरवसा नसतो, दुसऱ्या मालिकेत गेले की पहिलीत त्यांना मारून टाकतात. "माझ्यामागं तो मेला तर तिनं ते पाहू नये. फ्यूज काढायचा अन् डब्यावर ठेवायचा. हातात घेऊन आत जायचं न्हाई. तुमाला खोली दिली ती त्याच्यासाठीच."

असल्या वेळी माणूस हो म्हणतो. मीही म्हणाले.

आपल्याकडे घराबाहेर पडताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. काकाही म्हणायचे. त्या सकाळीसुद्धा दारातून "येतो गं" म्हणाले, मी माझ्या खोलीतून ऐकलं. दुपारी चौकीवर बसल्याबसल्या गेले. टेम्पोतून आणलं.

बायका जमल्या. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे कोरडे. एक म्हातारी त्यांना हलवून म्हणाली, "रड माय, रड, मोकळी हो."

काकू म्हणाल्या, "ह्यांना विचारून."

मग एक बाई बांगड्या फोडायला पुढं झाली. काकूंनी हात दिला नाही, मागेही घेतला नाही. नुसतं विचारलं, "ह्यांनी सांगितलं का?" त्या बाईचा हात तिथंच थांबला, आणि नंतर कुणीच त्या बांगड्यांना हात लावला नाही. काकू उठून काकांच्या तोंडाकडे वाकून बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "पोरी, ह्यांच्यावाणीच दिसतेत गं हे. कुणाला आणलं? हे तर येतो म्हणून गेलेत."

लेकरूबाळ नव्हतंच. पुसेगावहून दीर आला होता, साधा माणूस. वैनी, संग चला, म्हणून त्यानं हात जोडले. "हे आल्यावर," काकू म्हणाल्या. तेरावं झाल्यावर तो हरला आणि मला म्हणाला, "ताई, तुमीच बघा."

तेरा दिवस बायका जवळ बसून "जेव" म्हणत त्यांना भरवत होत्या. मी ठरवलं, हे लाड बंद. भूक काय कुणी सांगून लागते? दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढं भाकरी, वरण, पाण्याचा तांब्या ठेवला आणि एक शब्द न बोलता कामावर गेले. संध्याकाळी आले तर काकू त्याच जागी. ताट तसंच, तांब्या काठोकाठ. ओठ फुटून रक्त आलं होतं. मला बघून त्यांनी विचारलं, "पोरी, मला तहान लागली का बघ बरं."

"लागली!" मी ओरडलेच. "लागली काकू, प्या!"

त्यांनी अर्धा तांब्या एका दमात रिकामा केला. मी सांगितलं नाही तर ही बाई खरंच मरेल, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून मीच सांगून जायला लागले. ऊन पायरीवर आलं की जेवा, मग जरा पडा. गॅस मी पेटवायचे. चहाचा पहिला घोट मी घ्यायचे. निजायच्या वेळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "पोरी, मला झोप आली का?" मी म्हणायचे, "आली काकू, झोपा." आणि तत्क्षणी पलीकडे घोरणं सुरू व्हायचं. लग्नाचं स्थळ आलं तर भेटायला जायला मला सवड नाही. आई फोनवर विचारायची, "तू भाडेकरू हायस का नवरा हायस तिचा?" मी चिडून फोन ठेवायचे.

मालिकाही चालूच होती. जेवायच्या सुट्टीत मी भाग बघून ठेवायचे आणि लागलंच तर आठ वाजता फ्यूज काढायचे. पण मला काकांसारखं सांगता येईना. "काही नाही झालं, सगळं ठीक आहे," एवढंच यायचं. अंधारातून काकू म्हणायच्या, "हे बराबर सांगतेत."

आणि तो दिवस आला. जेवायच्या सुट्टीत मोबाइल उघडला तर त्या नटाची गाडी दरीत कोसळलेली. शेवटी बंगल्यात त्याचा फोटो, फोटोला हार, आणि ती भोळी बायको पांढऱ्या साडीत. मी डबा तसाच झाकून ठेवला. इतके दिवस काकू कशाच्या आधारावर तगून होत्या? हे येतो म्हणून गेलेत, एवढ्याच. तो हार त्यांनी बघितला तर सगळंच कळणार. मग मी तहान लागली म्हणून कितीही ओरडले तरी त्या पाणी घोटणार नाहीत, अशी माझी खात्री झाली. आज सातलाच घर गाठायचं, मी ठरवलं.

दिवस मावळताना सिद्धेश्वरच्या रस्त्याला झाडाची फांदी तारेवर पडली. शेतकरी मोटारी बंद पडल्या म्हणून डीपीजवळ उभे. माझ्याबरोबरच्या वायरमनला म्हटलं, मला सोड, घरी फार महत्त्वाचं आहे. "काय महत्त्वाचं?" त्यानं विचारलं. मालिका, असं कसं सांगणार? मी खांबावर चढले. वरून औंढ्याचे दिवे लागताना दिसले.

स्कूटीवर गल्लीत शिरले तेव्हा आठ वाजून गेले होते. घराघरातून त्याच मालिकेचं रडकं संगीत येत होतं. प्रत्येक दारात उजेड होता. आमचंच घर अंधारात होतं.

ओसरीवर आले. मीटरच्या डब्यावर फ्यूज काढून ठेवलेला, काका ठेवायचे तसाच, तारेची बाजू भिंतीकडे करून. ही जागा काकांना आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हती. मी तो उचलला. चिनीमाती कोमट होती, हातात धरून ठेवल्यासारखी.

आतून बोलणं ऐकू येत होतं.

"गाडी दरीत गेली खरी. पन हा आधीच उतरला होता, बरं का. त्याला कळलं होतं बिरेक न्हाई लागून राहिला. आता पायी येऊन राहिला. दूर हाय, येळ लागंल." मग कोरडी खाकर. "फोटोला हार घालू दे त्यांना. घालणारे घालतेत. तो येतो म्हणून गेला ना? बराबर येतो."

"व्हय का?" काकूंनी विचारलं.

"व्हय."

दोन्ही आवाज एकाच जागेवरून येत होते. पहिला काकांचा होता असं मी म्हणत नाही. गळा काकूंचाच होता, मी तो ओळखते. पण थांबण्याची जागा, "बराबर"वर दिलेला जोर आणि ती खाकर, हे सगळं त्यांचं होतं. मी उंबऱ्यावर उभी राहून कसंबसं म्हटलं, "काकू..."

आतलं बोलणं थांबलं. मग पहिला आवाज माझ्याकडे वळला.

"काहून उभ्या ऱ्हायल्या, मॅडम? बसा. दमल्या तुमी. जेवा आता, भूक लागली तुमाला."

काकूंनी मला जन्मात कधी मॅडम म्हटलं नव्हतं. मी पळून जायला हवं होतं. पण दुपारपासून पोटात काही नव्हतं, आणि ते दिवसभर मला जाणवलं नव्हतं, ते त्या शब्दासरशी एकदम जाणवलं. मी खाली बसले. अंधारातून एक ताट माझ्याकडे सरकलं. भाकरी गरम होती. पिठल्याला वाफ येत होती. मी मुकाट्यानं जेवले, शेवटच्या घासापर्यंत, आणि हात धुताना माझ्या ध्यानात आलं की सकाळी गॅस मी बंद करून गेले होते.

फ्यूज बसवला, उजेड झाला. काकू नेहमीच्या जागी, तोंडावर नेहमीचं भोळं हसू. म्हटलं, "काकू, फ्यूज कुणी काढला?"

"फूज म्हंजी काय, पोरी?" त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून काकू सुधारल्या. हा गल्लीचा शब्द, माझा नाही. स्वतः गॅस पेटवायला लागल्या, वाण्याकडे जायला लागल्या. दुकानात उभ्या राहून आधी स्वतःशीच विचारायच्या, "तूर घेऊ का?" मग जरा खाकरून म्हणायच्या, "घे. अर्धाच किलो घे." रस्ता ओलांडताना स्वतःच्या पदराचं टोक स्वतःच्या दुसऱ्या मुठीत घट्ट धरायच्या. दीर भेटून गेला आणि समाधानानं म्हणाला, "वैनी मार्गी लागल्या." सगळ्यांना हायसं वाटलं. भिंतीपलीकडून "मला झोप आली का?" असं आता मला कुणी विचारत नव्हतं. उत्तर तिकडूनच ऐकू यायचं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला एकटं वाटायला लागलं, हे आईला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. आठ वाजता मी ताट घेऊन भिंतीला पाठ लावून बसायचे आणि पलीकडून "जेवा" येईपर्यंत घास मोडत नसे.

हिंगोलीला बदली झाली तेव्हा मी सामान टेम्पोत चढवलं आणि निरोप घ्यायला ओसरीवर गेले. सवयीनं "येते काकू" तोंडाशी आलं होतं. मी जीभ दाताखाली धरली. त्या घरात पुन्हा कुणाला वाट बघायला लावायचं नव्हतं. नुसतं पाया पडले. काकूंनी पाठीवर हात ठेवला. भर दुपार होती, लख्ख ऊन, फ्यूज जागेवर. तरीही त्या खाकरल्या आणि म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं, मॅडम. येतो."

याला आता पुष्कळ दिवस झाले. ती मालिका संपली, तिच्या जागी दुसरी आली. हिंगोलीची खोली चांगली आहे, वरच्या मजल्यावर, लाइट जात नाही. मागच्या आठवड्यात आई आली होती. तिनं माझ्यापुढं ताट वाढलं, भाकरीवर तेल-चटणी, मला आवडते तशी. आठ वाजून गेले. माझा हात ताटाकडे जाईना.

"जेव की," आई म्हणाली. "काहून बसली अशी? भूक न्हाई का लागली तुला?"

मी पोटावर हात ठेवला. जरा कान दिला. आतून काहीच कळेना.

"थांब आई," मी म्हटलं. "लाइट जाऊ दे."